गवारीची भाजी आणि माझी अब्रू

काल संध्याकाळी तळमजल्यावरच्या काकूंनी आमच्या चिरंजिवांना काखोटीला मारून वर आणलं आणि अख्ख्या जिन्याला ऐकू जाईल अशा आवाजात दारातच अहवाल दिला, "दोन पोळ्या आणि वाटीभर गवार खाल्लीन हो! किती दिवसांचं उपाशी होतं गं पोर?"

गवार! दुपारीच या गृहस्थाने वरणातला जिऱ्याचा एक दाणा 'किडा' ठरवून ताट ढकललं होतं.

"काकू, दुपारी वरणभात दिला होता मी."

"मग? खाल्ला?"

"नाही. बघितला."

काकूंनी त्याचा दंड चिमटीत धरून मला दाखवला. बाजारात वांगी बघतात तसं बघत म्हणाल्या, "बघ, काही आहे का यात?" समोरच्या ब्लॉकचं दार किलकिलं झालं. मग मीही हट्टाला पेटले. म्हटलं, डॉक्टर सांगतात, पहिल्या वर्षात वजन तिप्पट होतं, तीनाचं नऊ किलो. दुसऱ्या वर्षात जेमतेम दोन-अडीच किलो वाढतं, म्हणून भूकही आपोआप कमी होते. दर वर्षी तिप्पटच होत राहिलं, तर चौथ्या वाढदिवसाला मूल दोनशे त्रेचाळीस किलोचं होईल, काकू!

काकूंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"तुमचे ते डॉक्टर स्वतः किती बारीक आहेत, बघितलंस?"

यावर काय बोलणार? चिरंजीव त्यांच्या खांद्यावर डोकं टेकवून माझ्याकडे अशा करुण नजरेने बघत होते, की मलाच वाटलं, या बाईच्या घरात पोराचे हाल चालले असावेत.

जेवणाचा निकाल लागल्यावर काकू झोपेकडे वळल्या. रात्री वरून धावण्याचा आवाज येतो म्हणे. येणारच. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या शिफारशीत एक ते दोन वर्षांच्या मुलांना दुपारची धरून ११ ते १४ तास झोप सांगितली आहे. तिसरा वाढदिवस होईपर्यंत मूल याच गटात मोडतं, म्हणजे आमचा अडीच वर्षांचाही, आणि त्याचे अकरा तास तो इमानेइतबारे भरतो. फक्त हप्त्यांनी. दोन वाजता पाणी हवं असतं. ते निळ्या पेल्यात हवं असतं. निळ्या पेल्यात दिलं की "तू का दिलंस, मी घेणार होतो" म्हणून ते परत माठात ओतावं लागतं. तीन वाजता पोहे आठवतात. पहाटे स्वारी आडवी होते, ती माझ्या उशीवर, आणि नऊच्या मीटिंगमध्ये मी कॅमेरा बंद ठेवून "नेटवर्कचा प्रॉब्लेम आहे" सांगते. त्या शिफारशीच्या तक्त्यात आईसाठी रकानाच नाही.

"जायफळ उगाळून दे चाटवायला," काकू म्हणाल्या. "आमची चारही पोरं आठच्या ठोक्याला गाढ!"

त्या चारांतले थोरले आता पन्नाशीचे आहेत आणि रात्री दोनला खाली पार्किंगमध्ये फेऱ्या मारत असतात. मला ठाऊक आहे, कारण त्याच वेळी मी पोराला कडेवर घेऊन खिडकीतून कुत्री मोजत असते. पण हे दारात बोलायचं नसतं. सुनेच्या वयाच्या बाईने तर नाहीच.

एवढ्यात नवरा ऑफिसातून आला. माझ्या अंगावर सकाळचाच गाऊन, केसांत पोह्याचा एक दाणा, आणि काकू त्याला म्हणतात, "दमलास का रे? हा फार त्रास देतो ना तुला?" नवरा रात्री उठतो कधी? मागे एकदा उठला होता, पंखा वाढवायला. तरी त्याने उसासा सोडून मान हलवली. पोर हडकलं की आईचा हात आखडता, आणि बापाने त्याला नुसतं बागेत नेलं की "किती करतो हो मुलाचं!" पोटाला काय घातलंस, हे त्याला जिन्यात आजवर कुणी विचारलेलं नाही.

आज मी ईर्ष्येने गवार आणली. शिरा काढत तासभर बसले, वर दाण्याचं कूट सढळ हाताने घातलं. चिरंजिवांनी वाटीत डोकावून निकाल दिला, "ही आजीची नाहीये." वाटी जमिनीवर.

कढईतली उरलेली रात्री नवऱ्याला वाढली. दोन घास खाऊन तो विचारात पडल्यासारखा थांबला.

"चांगली झालीये. फक्त काकू यात थोडा गूळ घालतात."

तुला रे कसं माहीत?