लाइनबॅकर म्हणजे नुसती धडक? एका फिरत्या मेसेजचा समाचार

सुपर बोल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलचा अंतिम सामना, जवळ आला की मराठी ग्रुपांवर एक मेसेज हमखास उगवतो. त्याचा गोषवारा असा: अमेरिकन फुटबॉलमधला लाइनबॅकर म्हणजे जगातली सगळ्यात सोपी नोकरी. डोकं लागत नाही, धिप्पाड देह असला की झालं. हेल्मेट आणि पॅड असतात, त्यामुळे लागत-बिगत काही नाही. तीन-चार वर्षं धडका मारायच्या, सात पिढ्यांचं कमवायचं आणि तिशीच्या आत पळ काढायचा, कॅरोलायना पँथर्सचा लाइनबॅकर ल्यूक कीक्लीसारखा. सोबतच्या फोटोतल्या गड्याच्या पाठीवर ७४ नंबर आहे. एनएफएलमध्ये, म्हणजे तिथल्या व्यावसायिक लीगमध्ये, सत्तरीतले नंबर लाइनमनचे (अगदी पुढच्या ओळीत भिडणाऱ्यांचे) असतात, लाइनबॅकरला ते मिळतच नाहीत. म्हणजे ज्याला नावं ठेवली तो फोटोतसुद्धा नाही.

कीक्ली तिशीच्या आत निवृत्त झाला, एवढं मात्र खरं. बाकीचं बघू.

"डोकं लागत नाही." सगळ्यात चुकीचं हेच आहे. बचाव करणाऱ्या अकरा जणांत पुढे लाइनमन, पार मागे पास, म्हणजे फेकलेला बॉल, अडवणारे आणि या दोघांच्या मधे लाइनबॅकर. मधल्या लाइनबॅकरला 'माइक' म्हणतात आणि बचावाचा कारभार सहसा त्याच्याकडेच असतो. त्याच्या हेल्मेटवर मागे हिरवा ठिपका दिसतो, कारण आत रेडिओ असतो. २००८ पासून बचावातल्या एका खेळाडूला ही सोय मिळाली. प्रशिक्षक त्यावर रचना सांगतो, पण पुढची चाल सुरू करायच्या घड्याळात १५ सेकंद उरले की आवाज बंद. पुढचं सगळं माइकने बघायचं: समोरचे कुठे उभे आहेत, कोण जागा बदलतोय, आणि त्यानुसार आपल्या दहा जणांना ओरडून हलवायचं.

बॉल सुटला की रन (बॉल घेऊन पळणं) येतोय की पास, हे ठरवायला त्याच्या हातात एक सेकंदही नसतो. तो बॉलकडे बघत बसत नाही. कबड्डीतला कोपरारक्षक जसा चढाईपटूच्या पायांवर नजर ठेवतो, तशी याची नजर समोरच्या गार्डवर, म्हणजे हल्ला करणाऱ्या संघाच्या एका लाइनमनवर, असते. गार्ड अंगावर रेटत आला तर रन. ताठ होऊन मागे सरकला तर पास. आडवा पळत सुटला तर बॉल बहुधा त्याच्या मागोमाग जाणार. आता गंमत अशी की हे सगळं क्वार्टरबॅकलाही, म्हणजे पास फेकणाऱ्यालाही, ठाऊक असतं. तो रनिंग बॅकच्या (बॉल घेऊन पळणाऱ्याच्या) पोटाशी बॉल नेऊन नुसता दाखवतो, लाइनबॅकर दोन पावलं पुढे येतो, आणि त्याने नुकत्याच सोडलेल्या जागेत पास पडतो. दोन पावलांची किंमत वीस यार्ड.

कीक्ली या कामात वाघ होता. प्रतिस्पर्ध्यांचे जुने सामने तो इतके घोटायचा की रचना दिसताच येणारी चाल ओरडून सांगायचा, आणि बरेचदा तीच यायची. २०१२ च्या ड्राफ्टमध्ये (संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात तो कार्यक्रम) कॅरोलायना पँथर्सने त्याला नवव्या क्रमांकावर घेतलं. त्याच वर्षी तो बचावातला सर्वोत्तम नवोदित ठरला आणि पुढच्याच वर्षी, २०१३ मध्ये, अख्ख्या लीगमधला सर्वोत्तम बचावपटू. वय २२. नुसत्या धडकांवर हे मिळत असतं तर लीगमध्ये त्याच्याहून दांडगे गडी ढिगाने होते.

"धिप्पाड देह." याला लाइनबॅकर सॅम मिल्स पुरे. उंची ५ फूट ९ इंच. न्यू जर्सीतल्या माँटक्लेअर स्टेट या छोट्या कॉलेजात खेळला.  ड्राफ्टमध्ये कुणी घेतलं नाही. क्लीव्हलंड ब्राउन्सने चाचपून सोडून दिलं, मग कॅनडातल्या टोरांटो आर्गोनॉट्सनेही. मग हा गडी न्यू जर्सीतल्याच एका शाळेत सुतारकाम आणि फोटोग्राफी शिकवू लागला. १९८३ मध्ये यूएसएफएल ही नवी लीग निघाली, तिथे फिलाडेल्फिया स्टार्सने त्याला उभं केलं. तिथले प्रशिक्षक जिम मोरा १९८६ मध्ये न्यू ऑर्लिन्स सेंट्सकडे गेले आणि जाताना मिल्सला घेऊन गेले. पाच वेळा प्रो बोल, म्हणजे लीगमधल्या निवडक खेळाडूंच्या सामन्यासाठी निवड. १९९५ मध्ये पँथर्स हा संघ नवा कोरा होता, सलग पाच सामने हरला होता. जेट्सविरुद्ध मिल्सने पास मधेच पकडला, ३६ यार्ड पळत जाऊन टचडाउन केला (बॉल समोरच्या टोकाच्या पट्ट्यात नेला), आणि संघाला इतिहासातला पहिला विजय मिळाला. तेव्हा तो ३६ वर्षांचा होता. २००५ मध्ये कर्करोगाने गेला, २०२२ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये आला. बुटका म्हणून दोन संघांनी परत पाठवलेला माणूस!

"हेल्मेट असल्याने लागत नाही." हेल्मेट कवटी फुटू देत नाही, एवढंच त्याचं काम. आतला मेंदू हिंदकळतो, त्याला हेल्मेट काय करणार? आणि मानेखाली तर तेही नाही. पिट्सबर्ग स्टीलर्सचा लाइनबॅकर रायन शझीर ४ डिसेंबर २०१७ रोजी सिनसिनाटीत एक साधा टॅकल करायला, म्हणजे बॉलवाल्याला पाडायला, खाली वाकून गेला आणि उठलाच नाही. मणक्याला इजा, शस्त्रक्रिया, पुन्हा चालायला शिकणं. पुढच्या एप्रिलमध्ये ड्राफ्टच्या मंचावर तो चालत आला तेव्हा लोक उभे राहिले, पण सामना तो पुन्हा खेळला नाही. २०२० मध्ये रीतसर निवृत्त झाला.

लाइनबॅकर ज्युनियर सेआऊचं प्रकरण याहून अवघड. १९९० ते २००९, वीस सीझन, मुख्यतः सॅन डिएगो चार्जर्सकडून. मे २०१२ मध्ये, ४३ व्या वर्षी, त्याने आयुष्य संपवलं. कुटुंबाने मेंदूचे नमुने तपासणीला दिले आणि जानेवारी २०१३ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने सीटीईचं निदान जाहीर केलं. डोक्याला वारंवार बसणाऱ्या धक्क्यांशी जोडला गेलेला हा मेंदूचा विकार खात्रीने कळतो तो मृत्यूनंतरच. त्याच्या मृत्यूला सीटीईच कारण होतं, असं ठामपणे कुणी म्हणू शकत नाही, मीही म्हणणार नाही. पण "लागत नाही" असं लिहिणाऱ्याने एवढं तरी वाचायला हवं होतं.

आता पैसा. तो आहे, भरपूर आहे. २०२५ मध्ये नवख्याचा किमान वार्षिक पगार ८ लाख ४० हजार डॉलर होता, म्हणजे सात कोटींच्या आसपास. पण हा पगार सीझनच्या अठरा आठवड्यांत विभागून मोजला जातो आणि मधेच नारळ मिळाला तर हमी नसलेली उरलेली रक्कम गेली. बातमीत छापून येणारा कराराचा आकडा आणि हमीची रक्कम यांत म्हणूनच जमीन-अस्मानाचं अंतर असतं. वर केंद्राचा आयकर, सामने ज्या ज्या राज्यांत होतील तिथला कर, एजंटचे ३ टक्क्यांपर्यंत. खेळाडू संघटना सरासरी कारकीर्द ३.३ वर्षांची सांगते. लीगला तो आकडा मान्य नाही. पहिल्याच वर्षी मुख्य संघात टिकलेल्यांची कारकीर्द सहा वर्षांच्या आसपास जाते, असं तिचं म्हणणं. पेन्शनचा हक्क लागतो तीन सीझन धरले गेल्यावर. बरेच जण त्याआधीच बाहेर असतात.

राहिलं "पळ काढला". नोव्हेंबर २०१६, शार्लट, सेंट्सविरुद्धचा सामना. कन्कशन (डोक्याला धक्का बसून मेंदूला होणारी इजा) झालेल्या कीक्लीला गाडीवरून बाहेर नेताना त्याला रडू आवरत नव्हतं. सगळ्या देशाने ते टीव्हीवर पाहिलं. त्या सीझनचे उरलेले सहा सामने तो खेळला नाही. आदल्या वर्षी कन्कशनमुळेच तीन सामने हुकले होते, पुढच्या वर्षी आणखी एक. तरी तो आणखी तीन सीझन खेळला. जानेवारी २०२० मध्ये निवृत्त झाला तेव्हा करारातले दोन सीझन बाकी होते, आणि आदल्याच महिन्यात संपलेल्या हंगामातही तो प्रो बोलला निवडला गेला होता. वेगाने आणि ताकदीने खेळायचं ही एकच पद्धत मला येते आणि आता ते जमेल असं वाटत नाही, असं त्याने सांगितलं. पैशासाठी खेळणारा माणूस ते दोन सीझन काढून मगच गेला असता.

लाइनबॅकर क्रिस बोरलंडने तर हिशेब उलटाच केला. सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्सकडून २०१४ चा एकच सीझन खेळला, शंभरावर टॅकल केले. सराव शिबिरात डोक्याला मार बसल्याची शंका येऊनही तो गप्प खेळत राहिला होता. मग त्याने मेंदूवरचं संशोधन वाचलं, तज्ज्ञांशी बोलला आणि मार्च २०१५ मध्ये, २४ व्या वर्षी, निवृत्ती घेतली. चार वर्षांच्या करारासाठी सुमारे ६ लाख १७ हजार डॉलर साइनिंग बोनस, म्हणजे करारावर सही केल्याबद्दलची रक्कम, मिळाला होता. वर्ष एकच भरलं, म्हणून त्यातले तीन चतुर्थांश त्याला परत करावे लागले.