मोटर लावा, एकोपा वाढवा

कॉलनीत पूर्वीसारखा एकोपा राहिला नाही, अशी ओरड फार ऐकू येते. धुळ्यात देवपूरच्या एका गल्लीत चौदा वर्षं काढल्यावर या विषयाचा थोडा अनुभव माझ्या गाठीशी आहे. परवा पहाटे त्यात मोलाची भर पडली, म्हणून तो तुमच्यापुढे ठेवतो.

रोज सकाळी कॉलनीच्या ग्रुपवर गुलाबाचं फूल टाकावं. ज्यांना टाकलं ते गेटवर भेटले की मोबाइलमध्ये बघावं.

घर भाड्याने देताना आधी आडनाव विचारावं. नावाचं काय, ते नंतर कळतं.

श्रावणात आपल्या खानदेशात कानबाई देवी बसते, तिच्या विसर्जनाला सगळ्यांच्या पुढे नाचावं, शेजाऱ्यालाही हाताला धरून ओढावं. वर्षभराचा एकोपा त्या एका सोमवारी उरकतो.

आता रामबाण उपाय. आपल्याकडे नळ येतो आठव्या-नवव्या दिवशी, तोही पहाटे तीनला. तो आला की लगेच नळालाच मोटर जोडावी. याने शेजारी आपोआप जवळ येतात. परवा मी तीन वाजता हंडे-बादल्या मांडून बसलो होतो. नळ फुसफुसला, दोन तांबे पाणी पडलं आणि पुढे नुसती हवा. भिंतीपलीकडून घर्रर्र ऐकू येत होतं. जाऊन कडी वाजवली. भाऊ डोळे चोळत बाहेर आले आणि मी तोंड उघडायच्या आत पाणी आलं का म्हणून मलाच अहिराणीत विचारतात, “पानी उनं का, दादा? आम्हनाकडे बी नही उनं.” त्यांच्या गच्चीवरची टाकी तेव्हा भरून वाहत होती. पाइपातून धो धो पाणी पडत होतं, ते थेट माझ्या स्कूटरवर. स्कूटर धुतली गेली, हे कबूल करतो.

मीही काही कमी नाही. गेल्या महिन्यात अर्ध्या हॉर्सपॉवरची मोटर आणायला गेलो तर दुकानदार म्हणाला, “अर्धीने काय होणार? तुमच्या गल्लीत एकची गेली आहे.” मी एकची आणली. दुकानदाराचा आमच्या गल्लीवर फार जीव आहे.

आणि हे सगळं पांझरेच्या काठावर! याच नदीवर जुन्या लोकांनी बंधारे घातले, शेतांचे गट म्हणजे फड पाडून पाणी वाटून घ्यायची फड पद्धत बसवली आणि तीनशेहून जास्त वर्षं चालवली. कोणत्या फडात कोणतं पीक, हे सगळ्यांनी मिळून ठरवायचं. पाटाचं पाणी सोडणारा पाटकरी पाळीपाळीने प्रत्येकाच्या शेताला पाणी द्यायचा. नदीला पाणी कमी असलं की सगळ्यांनीच कमी रान भिजवायचं. त्यांनी अख्खी नदी वाटून घेतली हो! आणि आपण, बीएस्सी, बीई, निवृत्त हेडमास्तर, आपल्याला अर्ध्या इंचाचा नळ वाटून घेता येत नाही. वर ग्रुपवर ‘पाणी हेच जीवन’ आपणच टाकतो.

उपदेश पुरे. गल्लीच्या टोकाच्या घरात आजी एकट्या राहतात. त्यांना ना मोटर, ना गच्चीवर टाकी. पारा ४४ वर असताना एका पिंपावर त्या नऊ दिवस काढतात, कारण पाणी त्यांच्यापर्यंत पोचायच्या आत तुम्ही आणि मी ते ओढून घेतो. पाणी ओढतो, सांडू देतो आणि उरलेल्या पाण्याने गाडी धुतो. लाज कशी वाटत नाही आपल्याला? कानबाईपुढे नाचताना त्याच आजींच्या पाया पडतो ना आपण?

पुढचं पाणी गुरुवारी आहे. माझी मोटर काढून मी माळ्यावर टाकली आहे. भाऊ, तुमचीही काढा. नसेल काढायची तर गुरुवारी सकाळी टोकाच्या घरी जा आणि आजींच्या तोंडावर सांगा, पानी उनंच नही.