कान्तारेल नायट्रोजनमुळे आटलं नाही

मेक्सिकोच्या कान्तारेल तेलक्षेत्राबद्दल एक मजकूर खूप फिरतो आहे: ‘2000 साली नायट्रोजन भरायला सुरुवात केली, उत्पादन फुगलं आणि मग कोसळलं. गॅस भरला की साठा मरतो. मुंबई हायमध्येही हेच चाललं आहे.’ आकड्यांचा चढउतार खरा आहे, पण त्याचं लावलेलं कारण चुकीचं आहे. हा दावा आणि त्याच्या भोवतीचे इतर समज एकेक करून पाहू.

‘नायट्रोजनने तेल संपवलं.’ 2003-04 मध्ये कान्तारेल दिवसाला 21 लाख बॅरलच्या आसपास देत होतं. 2012 मध्ये ते पाच लाखांखाली आलं. इथला साठा भेगाळलेल्या चुनखडकात आहे. तेल धावतं भेगांतून, पण खडकाच्या बारीक छिद्रांत बरंच तेल अडकून राहतं. असा खडक बहुधा तेलाला धरून ठेवतो आणि पाणी आत शोषत नाही. म्हणून वरून गॅस सोडतात: तो भेगांत उतरतो आणि घनतेच्या फरकामुळे खडकातलं तेल खाली निथळतं. हे निथळणं संथ असतं. नायट्रोजन भरण्यासोबत नव्या विहिरीही आल्या आणि उपसा जवळपास दुप्पट झाला. वरून गॅसची पातळी खाली आली, खालून पाणी चढलं, मधला तेलाचा थर पातळ झाला. उपसा जास्त ठेवला की गॅस शंकूसारखा, तेल आत यावं म्हणून विहिरीच्या नळीला पाडलेल्या छिद्रांपर्यंत खेचला जातो. अशा वेळी चोक, म्हणजे विहिरीच्या तोंडाशी प्रवाह कमी-जास्त करणारा झडपेसारखा भाग, आवळावा लागतो; गॅसची पातळी छिद्रांखाली गेली, तर छिद्रं बंद करून शक्य असल्यास खाली नवी पाडावी लागतात. नायट्रोजन नसता तर साठ्यातला दाब आधीच पडला असता.

‘गॅस पिस्टनसारखा तेल ढकलतो.’ गॅसची श्यानता, म्हणजे वाहताना जाणवणारा दाटपणा, साधारण 0.02 सेंटिपॉइज (श्यानतेचं एकक), तेलाची त्याच्या कितीतरी पट. त्यामुळे गॅस बोटांसारखा पुढे घुसतो, मोकळ्या थरातून थेट उत्पादन विहीर गाठतो. थर-थर असलेल्या साठ्यात म्हणूनच आधी ट्रेसर (माग काढता येईल असा खुणेचा पदार्थ) सोडून गॅसची वाट शोधतात आणि गॅस व पाणी आलटून पालटून भरतात.

‘कुठलाही गॅस चालतो.’ तेलात मिसळण्यासाठी नायट्रोजनला कार्बन डायऑक्साइडपेक्षा खूप जास्त दाब लागतो. तो दाब किती, हे साठ्यातलंच तेल आणि साठ्याचंच तापमान घेऊन, वाळू भरलेल्या लांब बारीक नळीत तपासतात. कान्तारेलमध्ये मिसळणं हा हेतूच नव्हता, दाब टिकवायचा होता. नायट्रोजन हवेतून मिळतो आणि पोलाद गंजवत नाही. कार्बन डायऑक्साइड पाण्याशी मिळून आम्ल होतो. त्यासाठी बऱ्याचदा नळ्याच वेगळ्या धातूच्या लागतात.

‘मुंबई हायमध्येही तेच.’ तिथे दाब टिकवण्यासाठी 1984 पासून प्रामुख्याने पाणी भरलं जातं. विहिरीत सोडतात तो बराचसा गॅस ‘गॅस लिफ्ट’चा: विहिरीतली बाहेरची नळी (केसिंग) आणि आतली नळी (ट्यूबिंग) यांमधल्या पोकळीतून उतरतो, व्हॉल्व्हमधून ट्यूबिंगमध्ये शिरतो, आतला द्रवस्तंभ हलका करतो आणि तेलाबरोबर परत वर येतो. साठ्यात तो जातच नाही. अशा विहिरीचं गॅस-तेल गुणोत्तर (तेलामागे किती गॅस वर येतो) वाचताना सोडलेला गॅस वजा करावा लागतो.

कान्तारेलबद्दल खरी तक्रार वेगळीच आहे. वर येणाऱ्या नैसर्गिक वायूत नायट्रोजन मिसळला, त्या वायूचं उष्णतामूल्य (जळताना मिळणारी उष्णता) घटलं आणि नायट्रोजन वेगळा काढायला स्वतंत्र संयंत्र लागलं. हा खर्च योजना आखतानाच धरायला हवा.