कानातला बिल्ला कुणाच्या नावावर?

मी राहते कळव्यात. दिवाळीत आठ दिवस मुरबाड तालुक्यात मामीकडे होते, तेव्हापासून एक गोष्ट मनातून जात नाहीये.

मामीच्या दोन म्हशी. पहाटे साडेचारला ती गोठ्यात. शेण काढायचं, पेंड भिजवायची, पारडू लावून म्हैस पान्हवायची, धार काढायची. मग पेंढा, हिरवा चारा, हंड्याहंड्याने पाणी. संध्याकाळी पुन्हा तेच. म्हशीचा माज, म्हणजे गाभण राहण्याची वेळ, बऱ्याचदा मुका असतो, ती ओरडत नाही. तो हुकला की 21 दिवस वाया, पुढचं वेत, म्हणजे विणं, लांबतं आणि दूध न देणाऱ्या भाकड म्हशीची पेंड अंगावर पडते. मामी नुसती सोट, म्हणजे माजात येणारा चिकट स्राव, बघून माज ओळखते. घरातल्या दुधाचा सगळा हिशोब या नजरेवर उभा आहे!

आणि कागदावर? डेअरीचा सभासद मामा. दुधातली फॅट आणि एसएनएफ (स्निग्धांश सोडून बाकीचे घन घटक) लिहिलेली पावती मामाच्या नावाची. दर दहा दिवसांचा दुधाचा पगार मामाच्या खात्यात. म्हशीच्या कानातल्या बिल्ल्यावर 12 अंकी नंबर असतो, त्या नोंदीतही मालक मामाच.

मामा भला माणूस आहे, मागितले की पैसे देतो. पण तिला मागावे लागतात, माझं दुखणं तेच आहे. शिवाय हे हातखर्चापुरतं नाही. 2018-19 च्या बजेटपासून किसान क्रेडिट कार्ड पशुपालनालाही लागू झालं. 2024 मध्ये राज्याने गायीच्या दुधाला लिटरमागे 5 रुपये अनुदान दिलं, तेही बिल्ल्याची नोंद बघून थेट बँक खात्यात. कागदावर जो मालक, त्यालाच कर्ज, त्यालाच अनुदान. धार कोण काढतं, हे कुठल्याच अर्जात विचारत नाहीत.

दुसरीकडे हे जमलंय. तिरुपतीकडे श्रीजा नावाची दूध उत्पादक कंपनी 2014 पासून आहे, तिच्या सभासद फक्त बायका. मग आपल्या ठाणे जिल्ह्यात का नको? ज्यांच्या गावी गोठा आहे त्यांनी या सुट्टीत दुधाची पावती एकदा हातात घेऊन नाव वाचा.

मी मामाजवळ विषय काढला. "घर एकच आहे ना, नाव कुणाचं का असेना," म्हणाला. मी म्हटलं, मग मामीचं असू दे. तो गप्प बसला. मामीही काही बोलली नाही. रात्री भांडी घासताना मात्र तिने हळूच विचारलं, "सभासद व्हायला किती भरावे लागतात गं?"

येत्या रविवारी आम्ही दोघी डेअरीत जातोय. आधार, पासबुक आणि दोन फोटो तिने पिशवीत काढून ठेवलेत.