पाइप्या मुंजोबा

सदाशिव पेठेतल्या आमच्या जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर मी, बायको, २२ कुंड्या आणि एक बोका असे राहतो. आमच्या खाली काकू राहतात, आणि काकूंच्या स्वयंपाकघराच्या भिंतीत जुलैपासून ओल राहते.

ओल आली की आमच्याकडे आधी कारण शोधत नाहीत, माणूस शोधतात. तो मी निघालो.

"तुझ्या त्या कुंड्या," काकू म्हणाल्या. "रोज बादल्या ओततोस. इथे माझ्या आमटीत पोपडे पडतायत."

प्लंबरने उपाय सुचवला. कुंड्यांच्या पाण्यात रंग टाका. भिंत रंगली तर पाणी तुमचं. घरात रंगपंचमीचा उरलेला गुलाबी होता, तो सढळ हाताने टाकला. दोन दिवसांनी काकूंची भिंत होती तश्शीच, हिरवट-पांढरी. गुलाबी झाली ती तळमजल्यावरच्या काकांची दोरीवरची तीन बनियनं. मी निर्दोष ठरलो, पण बनियनांचे पैसे गेले.

खरा गुन्हेगार मागच्या बाजूला सापडला. सांडपाण्याचा चार इंची पाइप जिथे वळतो, त्या बेंडपाशी भिंतीतून वीतभर पिंपळ वर आला होता. पिंपळाची पिकलेली फळं पक्षी खातात आणि बिया भलत्या ठिकाणी टाकून जातात. माझा संशय तांबटावर आहे. तांबं ठोकल्यासारखा दिवसभर टुक-टुक करतो म्हणून तो तांबट. पण कसब्यातल्या तांबट आळीत एवढं ठोकल्यावर निदान एखादा बंब तरी तयार होतो. याने आमच्या डोक्याला पिंपळ दिला.

आणि काय तो जोम! एक फट आणि गळक्या पाइपचं पाणी, बास. मातीसुद्धा नको. इकडे माझ्या जास्वंदीला शेणखत, कोकोपीट, दर रविवारी कडुलिंबाच्या तेलाचा फवारा. तरी तिच्यावर पिठ्या ढेकूण आणि एकूण एक कळी खाली. झाडांनासुद्धा लाडावून ठेवू नये, हे मला फार उशिरा कळलं.

प्लंबर पिंपळ बघून दोन पावलं मागे सरला. "पाइप बदलतो साहेब, पण आधी हा काढून घ्या. मी पिंपळाला हात लावत नाही." दुसरा आला, त्याचंही तेच. रंगारी म्हणाला, परांची बांधून देतो, चढा तुम्ही.

मी चढायच्या विचारात होतो, तेवढ्यात तळमजल्यावरचे काका आले. अंगात गुलाबी बनियन. "१९७५चा कायदा आहे. शहरात परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही."

"काका, सहा पानं आहेत त्याला."

"कायद्यात पानं मोजत नाहीत."

बायकोचं म्हणणं वेगळंच. श्रावणातल्या शनिवारी लोक पिंपळाची पूजा करतात आणि तू कोयता घेऊन निघालास? बरं, श्रावण संपू दे. मग गणपती आले. मग पितृपक्ष लागला, आणि पितृपक्षात पिंपळ तोडायचं नुसतं नाव काढल्यावर माझ्या सासूबाईंनी फोन ठेवून दिला.

शेवटी काकूंनीच तोड काढली. "मुळात हिंग भर. आपोआप वाळतो." वरणात चिमूट टाकताना हात आखडणाऱ्या बाईने अख्खी डबी दिली म्हणजे ओलीने किती गांजली असेल बघा. खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर लोंबकळून मी हिंग भरला. इमारतीला आठवडाभर फोडणीचा वास आला आणि पिंपळाला सातवं पान फुटलं.

त्यानंतर अमावास्येच्या रात्री साडेदहाला काकूंचा फोन. आवाज एकदम खाली.

"अरे, पिंपळात डोळे चमकतायत. दोन. मुंजा आलाय."

मी खिडकीतून वाकून पाहिलं. छज्जावर, पिंपळाच्या आडोशाला, आमचा बोका पारव्याची वाट बघत बसला होता. हे मी सांगणारच होतो, देवाशप्पथ. पण काकू पुढे म्हणाल्या, "ओलीचं राहू दे आता. त्याला हलवू नकोस." तीन महिन्यांत पहिल्यांदाच कुणीतरी ओलीचं राहू द्यायला तयार झालं होतं. मी म्हटलं, "बरं काकू."

दुसऱ्या दिवसापासून त्या खिडकीबाहेर मुंजासाठी दहीभाताची वाटी ठेवू लागल्या. मुंज होऊन लग्नाआधी गेलेला पोर, त्याचं पोट कोण बघणार? सकाळी वाटी लख्ख. मग संध्याकाळचीही सुरू झाली. इकडे आमच्या बोक्याने महागाच्या पाकिटातल्या खाण्याकडे पाठ फिरवली.

आपल्या गावाला देवांना नावं ठेवायची हौस आहे: जिलब्या मारुती, सोट्या म्हसोबा, उपाशी विठोबा. अजून पन्नास वर्षांनी रिक्षावाले 'पाइप्या मुंजोबाला सोडू का?' असं विचारणार, यात मला शंका नाही. विठोबा उपाशी असलेल्या पुण्यात आमचा मुंजोबा मात्र दोन्ही वेळ जेवतोय.

परवा बोक्याला लस द्यायला नेलं. डॉक्टरांनी त्याला दोन्ही हातांनी उचलून काट्यावर ठेवलं, काट्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"घरी काय खातो?"

"घरी काही नाही," मी म्हटलं. "नैवेद्यावर आहे."

दहीभात ताबडतोब बंद करायला सांगितलाय. आता मुंजाला पथ्य आहे हे काकूंना कोणी सांगायचं, यावर घरात तीन दिवस वाद चाललाय. पिंपळ नऊ पानांवर आहे.