खुलासा : ‘रेड आहे, बॅकअप कशाला?’ हा माझाच मेसेज चुकीचा

मागच्या आठवड्यात मीच गावच्या ग्रुपवर लिहिलं होतं, ‘डाटा सेंटरात रेड असते, त्यामुळे वेगळा बॅकअप लागत नाही.’ (रेड म्हणजे RAID : अनेक डिस्क अशा जोडायच्या की एखादी बंद पडली तरी डाटा वाचतो. डाटा सेंटर म्हणजे लोकांचा डाटा साठवणाऱ्या संगणकांची इमारत.) तो मेसेज आता दारव्हा-दिग्रसपर्यंत फिरतोय. अर्धाच खरा आहे तो.

रेड ही डिस्क बंद पडण्यापुरती. समजा एका डिस्कवर 5, दुसरीवर 7, तिसरीवर बेरीज 12. सातवाली गेली तर 12 मधून 5 वजा, 7 परत हातात. (प्रत्यक्षात बेरीज नसते, बिटांचा हिशेब असतो, तत्त्व हेच.) ‘रेड 5’ हा प्रकार एक डिस्क गेलेली सोसतो, ‘रेड 6’ हा दोन.

पण चुकून पुसलेली फाइल सगळीकडूनच पुसली जाते. माझ्या स्टुडिओत दोन डिस्कवर जुळी प्रत होती, हाही रेडचाच एक प्रकार. एका लग्नाचं फोल्डर माझ्याच हातून डिलीट झालं, दोन्हीकडून एकदम. नवरदेवाच्या मामाला काय तोंड दाखवलं ते विचारू नका! आगीचंही तसंच. मार्च 2021 मध्ये फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गला डाटा सेंटर जळालं, तेव्हा दुसरी प्रत त्याच आवारात ठेवणाऱ्या काहींचा डाटा कायमचा गेला.

जुना मेसेज पुढे पाठवू नका. जिथे पाठवला असेल तिथे हा टाका.