सॉसची बाटली बदलून सॅलडचं पाणी थांबत नाही

घरी केलेल्या एशियन चिकन सॅलडची तक्रार ठरलेली असते. दहा मिनिटांत भांड्याच्या तळाशी पाणी, चिकन चिवट, आणि मग सगळे सॉसला नावं ठेवतात. खरं तर ते आधीच बिघडलेलं असतं, चिकन शिजवताना आणि कोबी चिरताना. महागड्या बाटल्या आणण्याआधी या दोन गोष्टी हातात बसवा, असं माझं ठाम मत आहे.

चिकनच्या दुकानात नुसतं 'बोनलेस द्या' म्हटलं की तुकडे होऊनच पिशवीत पडतं. सुरी लागायच्या आत सांगायचं, 'दादा, ब्रेस्ट अख्खं ठेवा, तुकडे नको.' चार जणांना 500 ग्रॅम पुरतं. घरी आणल्यावर नळाखाली धुऊ नका. शिंतोडे ओट्यावर आणि शेजारी ठेवलेल्या कोथिंबिरीवर उडतात, आणि ती कोथिंबीर आपण कच्ची खाणार असतो.

कुकर तर अजिबात नको. पातेल्यात चिकन, ते बुडून वर दोन बोटं येईल इतकं गार पाणी, एक मोठा चमचा मीठ, आल्याच्या चार चकत्या, पातीच्या कांद्याची पांढरी टोकं. आच मध्यम. तळातून बारीक बुडबुडे यायला लागले, पाणी थरथरतंय पण खळखळत नाही, की आच एकदम मंद करा. 10 मिनिटं तसंच, मग गॅस बंद करून झाकण ठेवून आणखी 10 ते 12 मिनिटं. खळखळा उकळलं की ब्रेस्टचे धागे आकसतात, आतलं पाणी बाहेर टाकतात आणि मग कितीही ड्रेसिंग ओता, कोरडं ते कोरडंच. थर्मामीटर असेल तर सगळ्यात जाड भागात 74 अंश सेल्सिअस बघा. नसेल तर तिथेच चिरून बघा, गुलाबी दिसलं तर पुन्हा मंद आचेवर पाच मिनिटं. फ्रीझरमधलं चिकन पूर्ण सुटल्याशिवाय पातेल्यात टाकलं की मध्ये हमखास कच्चं राहतं.

कोमट असतानाच हातानं धाग्यांच्या दिशेनं सोडवा, जाड काड्यांसारखं. सुरीनं बारीक केलं की भुगा होतो. त्यावर लगेच शिजवलेल्याच पाण्याचे तीन मोठे चमचे टाका आणि झाका. उरलेलं पाणी फेकू नका, दुसऱ्या दिवशी त्यात भात लावा.

आता कोबी. 300 ग्रॅम कोबी, सुरीनं, जितका बारीक चिरता येईल तितका. किसायचा नाही, किसला की तिथेच पाणी सुटायला लागतं. एक छोटा चमचा मीठ चोळून 15 मिनिटं ठेवा आणि मुठीमुठीनं पिळा. वाटीत जवळजवळ पाव वाटी हिरवट पाणी जमतं. सोया सॉसमधलं मीठ हेच पाणी नंतर ताटात ओढून काढत असतं. ते आधी काढलंत की प्रश्न मिटला. पिळलेला कोबी चाखून बघा, खारट वाटला तर एकदा धुऊन परत पिळा. काकडीचा बियांचा भाग काढून टाका, टोमॅटो घालूच नका. आपला लाल कांदा तिखट असतो, पातळ काप गार पाण्यात 10 मिनिटं ठेवून निथळा. गाजर, सिमला मिरचीचं काही अवघड नाही.

ड्रेसिंगसाठी 2 मोठे चमचे लाइट सोया सॉस, 2 चमचे लिंबाचा रस, 1 चमचा गूळ, 2 चमचे शेंगदाणा तेल, सगळे मोठे चमचे. किसलेलं आलं छोटा चमचाभर, एक लसूण पाकळी, एक हिरवी मिरची. आधी लिंबाच्या रसात गूळ विरघळवून घ्या, तेल शेवटी. डार्क सोया वापरलात तर सगळं सॅलड काळपट दिसतं. आणि घाण्यावरचं कच्च्या तिळाचं तेल म्हणजे चिनी स्वयंपाकातलं भाजलेल्या तिळाचं तेल नव्हे. हे भाजलेल्या तिळाचं तेल तपकिरी आणि उग्र वासाचं असतं, ड्रेसिंगमध्ये छोटा चमचाभर पुरतं. नसेल तर दोन मोठे चमचे तीळ तांबूस भाजून खलबत्त्यात जाडसर कुटा. वास तोच येतो. शेजवान चटणी आणि मेयोनीज मात्र लांब ठेवा, त्यापुढे बाकी कशाचीच चव कळत नाही.

गोडाला काय, यावर माझं मत पक्कं आहे. ज्याला 'चायनीज चिकन सॅलड' म्हणतात तो पदार्थ मुळात अमेरिकेतला, त्यात डब्यातली संत्री घालतात. नाशिकमध्ये जानेवारी ते मार्च दारावर द्राक्षं येत असताना पाकातली संत्री कशाला? मूठभर बिनबियांची द्राक्षं उभी अर्धी कापा, चिरलेली बाजू कागदावर पाच मिनिटं पालथी ठेवा आणि सगळ्यात शेवटी घाला. आंबटसर द्राक्षं जास्त चांगली. द्राक्षं घालणार असाल तर ड्रेसिंगमध्ये गूळ अर्धाच घ्या. कोथिंबीर आणि पुदिना सढळ हातानं, व्हिएतनामच्या कोबी-चिकनच्या सॅलडमध्येही पुष्कळदा पुदिना असतो. तुळस नको, तिचा लवंगेसारखा वास सगळ्यावर चढतो.

कुरकुरीतपणासाठी भाजलेल्या दाण्यांचा जाडसर कूट. तळलेल्या नूडल्स घालायच्या तर वेगळ्या वाटीत द्या, पाच मिनिटांत मऊ पडतात. त्यापेक्षा मंद आचेवर भाजलेले पातळ पोहे घ्या, तेही ताटात वाढल्यावरच वरून.

डब्यात न्यायचं असेल तर ड्रेसिंग वेगळ्या बाटलीत, कूट वेगळ्या पुडीत. चिकन फ्रिजमध्ये पूर्ण गार करूनच भरा. बाहेर दोन तासांपेक्षा जास्त राहू देऊ नका, एप्रिल-मेच्या उन्हात तर तासभरच.